समोरची गाडी किती लांब?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीहून निघतो आणि साडेचौऱ्याण्णव किलोमीटर धावून किवळ्याजवळ संपतो. एवढ्या अंतरात त्याच्यावर दुचाकी नाही, रिक्षा नाही, रस्ता ओलांडणारा माणूस नाही. निदान नियमाने तरी नाही. मग तीच मोटार आणि तोच कंटेनर देहूरोड-कात्रज बाह्यवळण महामार्गावर उतरतात आणि काही मिनिटांत पुनावळ्यात येऊन पोचतात. पुनावळे १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. तेव्हाच्या शेतांवर आज टोलेजंग सोसायट्या उभ्या आहेत. सर्व्हिस रोड, भुयारी मार्गाच्या तोंडाशी कोंडी, उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाक्या, पाण्याचे टँकर, शाळेच्या बस आणि हिंजवडीकडे निघालेले नोकरदार, असा सगळा पसारा महामार्गाला खेटून चाललेला असतो. या पसाऱ्यात प्रत्येकजण दिवसातून कितीतरी वेळा एकच हिशेब करतो: समोरची गाडी किती लांब आहे, आणि ती इथे यायला किती वेळ लागेल?

हा हिशेब अर्ध्या सेकंदात होतो. तो कसा होतो, याचा शोध दोनशे वर्षे चालू आहे. त्या शोधातून निघालेले उत्तर शाळेच्या पुस्तकातल्या उत्तराहून बरेच वेगळे आहे.

शाळेत शिकवतात ते दोन डोळ्यांचे गणित. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपला स्टिरिओस्कोप मांडला आणि सिद्ध केले, की दोन डोळ्यांना दिसणाऱ्या किंचित वेगळ्या चित्रांतून मेंदू खोली उभी करतो. ते खरेच आहे. सुईत दोरा ओवताना किंवा कपात चहा ओतताना माणूस याच गणितावर विसंबतो. पण दोन डोळ्यांमधले अंतर जेमतेम सहा-साडेसहा सेंटिमीटर, आणि दोन चित्रांतला फरक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटत जातो. १०० मीटरवरची मोटार आणि ११० मीटरवरची मोटार यांच्यासाठी तो एका अंशाच्या तीनशेव्या भागाइतका उरतो. प्रयोगशाळेत शांत बसलेल्या तीक्ष्ण नजरेच्या माणसाला तो जेमतेम पकडता येईल. उन्हात, धुळीत, हेल्मेटच्या काचेआडून तो पकडण्याची आशा नको. महामार्गाच्या मापाने माणूस जवळजवळ एकडोळाच असतो.

मग उरते काय? रस्ता दूरवर निमुळता होताना दिसतो, लांबचे लहान दिसते, जवळचे दूरच्याला झाकते, सावल्या असतात. चित्रकार ही साधने शतकानुशतके वापरत आले आहेत. पण ती सगळी स्थिर चित्राची साधने झाली. सर्वांत भक्कम साधन चित्रात मावत नाही, कारण ते हालचालीतच असते.

डेक्कन क्वीनच्या खिडकीशी बसून घाट उतरणाऱ्या कुणालाही ते ठाऊक आहे. रुळांलगतचे खांब डोळ्यांपुढून सपकन निघून जातात, शेताचे बांध सावकाश सरकतात आणि दूरचा डोंगर गाडीबरोबर चालत असल्यासारखा वाटतो. समान वेगाने जाणाऱ्या वस्तूंपैकी दूरची हळू जाताना दिसते, हे युक्लिडच्या दृष्टिशास्त्रावरच्या ग्रंथातही आहे. जागा बदलल्यामुळे वस्तू अशी सरकलेली दिसते, त्याला पराशय म्हणतात. खगोलशास्त्रज्ञ ताऱ्यांची अंतरे मोजतात तीही यावरूनच, फक्त त्यांची गाडी म्हणजे पृथ्वी. दोन डोळ्यांमध्ये सहा सेंटिमीटर अंतर असेल, पण ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या प्रवाशाचा एकच डोळा एका सेकंदात साडेसोळा मीटर पुढे जातो. म्हणजे मेंदूला साडेसोळा मीटर अंतरावरून टिपलेली दोन चित्रे मिळतात, आणि मधली सगळीही.

जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८६० च्या दशकात हे नेमके मांडले. दाट रानात एक डोळा मिटून स्तब्ध उभे राहिले, तर पानांचा आणि फांद्यांचा नुसता गोंधळ दिसतो. कुठली फांदी कुठल्या झाडाची ते कळत नाही. पाऊल टाकताच सगळे सुटे होते आणि प्रत्येक झाड आपापल्या जागी उभे राहते. ताम्हिणीच्या किंवा भीमाशंकरच्या जंगलात हा प्रयोग कुणालाही फुकट करता येतो.

यात एक खोच आहे, ती बऱ्याच लोकप्रिय लेखांतून निसटते. चालताना नजर मधल्या एखाद्या झाडावर खिळवली, तर त्याच्या अलीकडचे सगळे मागे जाते आणि पलीकडचे सगळे सोबत येते. म्हणजे डोळ्याच्या पडद्यावर नुसती हालचाल उमटली, तर ती जवळच्या वस्तूची की दूरच्या वस्तूची हे ठरत नाही. डोळा कुठल्या दिशेने वळतो आहे तेही मेंदूला ठाऊक असावे लागते. ब्रायन रॉजर्स आणि मॉरीन ग्रॅहॅम यांनी १९७९ मध्ये पडद्यावर नुसते विखुरलेले ठिपके दाखवले. डोके स्थिर असेल तर ठिपके सपाट. पण बघणाऱ्याचे डोके डावी-उजवीकडे हलले, की ठिपकेही त्या तालात सरकत, आणि एका डोळ्याने बघणाऱ्यालाही तिथे लाटांसारखा उंचसखल पृष्ठभाग स्वच्छ दिसे. त्या पडद्यावर सावली, रेषा, लहान-मोठेपणा असे दुसरे काहीच नव्हते. पुढे मार्क नॉरोट यांनी दाखवले, की पुढचे कोणते आणि मागचे कोणते हा निवाडा डोळा फिरवणाऱ्या आज्ञेतून होतो. २००८ मध्ये जेकब नॅडलर, डोरा अँजेलाकी आणि ग्रेगरी डीअँजेलिस यांना माकडाच्या मेंदूतल्या एमटी नावाच्या भागात अशा पेशी सापडल्या, ज्या निव्वळ हालचालीतून खोलीचे चिन्ह, म्हणजे जवळ की दूर, ओळखतात. हेल्महोल्ट्झ यांच्या रानाला पेशींचा पत्ता मिळायला सुमारे एकशेचाळीस वर्षे लागली.

बघणारा जागचा न हलता वस्तूच फिरली तरी खोली जन्मते. हान्स वॉलाक आणि डी. एन. ओ'कॉनेल यांनी १९५३ साली वाकवलेल्या तारेची सावली अर्धपारदर्शक पडद्यावर पाडली. तार स्थिर असताना सावली म्हणजे सपाट वेडीवाकडी रेघ. तार फिरवली की तीच सावली भरीव दिसू लागे. शिमोन उल्मन यांनी १९७९ मध्ये याचे गणित दिले: वस्तू ताठ आहे, वाकत नाही, एवढे गृहीत धरले तर एका पातळीत नसलेल्या चार बिंदूंची तीन दृश्ये तिचा आकार ठरवायला पुरतात. समोरची बाजू कोणती आणि मागची कोणती, एवढी संदिग्धता मात्र उरते. जपानच्या नोबुयुकी कायाहारा यांनी २००३ मध्ये केलेली गिरकी घेणारी नर्तकीची छायाकृती याच संदिग्धतेवर उभी आहे. मोबाइलवर ती पाहून घरोघर भांडणे झाली: कुणाला ती डावीकडे फिरताना दिसते, कुणाला उजवीकडे. दोघेही बरोबर असतात.

दोन डोळ्यांची खोली आणि हालचालीची खोली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा भारतातला सर्वांत प्रसिद्ध पुरावा क्रिकेटच्या मैदानावर आहे. १ जुलै १९६१ रोजी इंग्लंडमध्ये होव्ह इथे झालेल्या मोटार अपघातात मन्सूर अली खान पतौडी यांच्या उजव्या डोळ्याची नजर गेली. त्याच वर्षी डिसेंबरात ते इंग्लंडविरुद्ध पहिली कसोटी खेळले, मार्च १९६२ मध्ये वयाच्या एकविसाव्या वर्षी भारताचे कर्णधार झाले, आणि फेब्रुवारी १९६४ मध्ये दिल्लीला त्यांनी नाबाद २०३ धावा केल्या. गंमत अशी, की सिगारेट पेटवताना त्यांची काडी चुकायची आणि जगमधले पाणी पेल्याऐवजी टेबलावर सांडायचे, असे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. हाताच्या अंतरावर दोन डोळ्यांचे गणित लागते. तिथे ते अडखळले. बावीस यार्डांवरून येणारा चेंडू मात्र हलत असतो, आणि क्षणाक्षणाला मोठा होत असतो. सहा महिन्यांत कसोटी खेळण्यामागे त्यांची जिद्द होतीच. पण जिद्दीला काम करायला नजरेचा दुसरा रस्ता शिल्लक होता, हेही तितकेच खरे.

याच रस्त्याचे दुसरे उदाहरण मैदानापासून दूरचे आहे. एमआयटीतले पवन सिन्हा यांच्या प्रोजेक्ट प्रकाशमध्ये जन्मापासून नजर नसलेल्या भारतीय मुलांवर आणि तरुणांवर उपचार होतात, आणि नव्याने पाहू लागलेला मेंदू काय करतो याचा अभ्यासही होतो. एस. के. या आद्याक्षरांनी ओळखल्या गेलेल्या एका तरुणाला वयाच्या २९ व्या वर्षी चष्म्याने नजर मिळाली. २००९ मध्ये छापलेल्या निबंधानुसार, एकावर एक चढलेले दोन स्थिर आकार त्याला दोन दिसत नसत. प्रत्येक तुकडा, सावलीचा डागसुद्धा, त्याला स्वतंत्र वस्तू वाटे. तेच आकार हलवले की तो त्यांना अचूक वेगळे करी. पुढच्या काही महिन्यांत तो स्थिर चित्रेही वाचू लागला. संशोधकांचा तर्क असा, की हालचालीनेच त्याला स्थिर जग वाचायला शिकवले. रांगणारी मुलेही कदाचित तसेच शिकतात.

आणि हालचालच गेली तर? जर्मनीतल्या योझेफ त्सील आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये एका स्त्रीची हकिगत प्रसिद्ध केली. मेंदूच्या मागच्या भागाला दोन्ही बाजूंनी इजा झाल्यानंतर तिला रंग दिसत, आकार दिसत, दोन डोळ्यांची खोलीही कळे. फक्त हालचाल दिसत नसे. ओतलेला चहा तिला गोठल्यासारखा वाटे, आणि कप कधी भरला ते कळत नसे. रस्ता ओलांडणे तर तिने जवळपास सोडूनच दिले. मोटार आधी लांब असे, आणि पुढच्या क्षणी एकदम अंगावर. मधले काहीच नसे. गाडीचा वेग आणि तिची जवळीक या दोन गोष्टी निरोगी माणसाला एकाच नजरेत मिळतात, हे या स्त्रीच्या हालअपेष्टांतून जगाला कळले.

आता चाकामागे बसलेल्याकडे वळू. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांची पारख करण्याच्या कामावर होते. दोन डोळ्यांच्या चाचण्यांवरून चांगला वैमानिक ओळखता येत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. १९५० च्या पुस्तकात त्यांनी मांडले, की उतरणाऱ्या विमानातून सगळी जमीन एका बिंदूपासून चहूकडे पसरत जाताना दिसते. तो बिंदू म्हणजे आपण जिथे चाललो आहोत ती जागा, आणि पसरण्याचा वेग म्हणजे आपला वेग. या दृश्यप्रवाहावरच चालक गाडी हाकतो. पण हा प्रवाह फसवतो, आणि त्या फसवणुकीची पुनावळ्याशी थेट गाठ आहे.

पहिली फसवणूक सवयीची. श्मिट आणि टिफिन यांनी १९६९ मध्ये चालकांना बराच वेळ ताशी ७० मैलांनी, म्हणजे सुमारे ११२ किलोमीटरने गाडी चालवायला लावली, आणि मग वेगमापक न बघता ती ४० मैलांवर आणायला सांगितले. सर्वांत लांब धावल्यानंतर त्यांची गाडी प्रत्यक्षात ५० मैलांच्या पुढेच राहिली, आणि त्यांना मात्र ती ४० वर आल्यासारखी वाटली. मेंदू वेगाला सरावतो. द्रुतगती मार्गावर तास-सव्वातास शंभराच्या आसपास काढून किवळ्याला उतरणारा चालक पुनावळ्याच्या हद्दीत आपण हळू आहोत असे प्रामाणिकपणे समजत असतो. त्याला बेफिकीर म्हणणे सोपे आहे, पण अर्धेच खरे आहे. दुसरी फसवणूक उंचीची: डोळा जमिनीपासून जितका वर, तितकी जमीन हळू सरकते. ट्रकच्या केबिनमधून किंवा उंच एसयूव्हीतून तोच वेग कमी भासतो, आणि प्रयोगात उंच बसलेले चालक वेगही अधिक निवडतात.

तिसरी धुक्याची, आणि इथे शास्त्रज्ञांत वाद आहे. रॉबर्ट स्नोडन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिले, की धुक्यात दृश्य फिके होते, फिके दृश्य हळू सरकल्यासारखे वाटते आणि म्हणून चालक नकळत वेग वाढवतात. कितीतरी वर्षे हे पाठ्यपुस्तकात राहिले. २०१२ मध्ये पाओलो प्रेत्तो आणि मंडळींनी दाखवले, की खरे धुके सगळीकडे सारखे नसते; ते दूरचे झाकते आणि जवळचे सोडते. असे धुके प्रयोगात घातले, की उलट वेग जास्त भासतो आणि लोक गाडी हळू करतात. बोरघाटात पावसाळ्यात गाडी चालवणाऱ्यांना दुसरा निष्कर्ष अधिक पटेल. तरीही त्यावर विसंबून ॲक्सिलरेटर दाबू नये. दिसत नसलेला ट्रक कुठल्याच प्रवाहात नसतो.

रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्याचा प्रश्न वेगळा. तो स्थिर आहे, आणि वस्तू त्याच्याकडे येते आहे. इथे पराशयाचा उपयोग नाही. इथे बघायचे ते फुगत जाणे. आणि या गणिताचा माग एका कादंबरीत सापडतो. केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल, म्हणजे जयंत नारळीकरांचे गुरू, यांनी १९५७ साली ‘द ब्लॅक क्लाउड’ लिहिली. तीत आकाशातला एक काळा ढग छायाचित्रांत मोठा होत जातो, आणि शास्त्रज्ञ तेवढ्यावरून तो पृथ्वीपाशी कधी पोचेल ते काढतात. ढग किती लांब आहे ते ठाऊक नाही, वेगही ठाऊक नाही. त्याची गरजही नाही. ढगाचा दिसणारा आकार भागिले तो आकार वाढण्याचा वेग, की झाला उरलेला वेळ. १९७६ मध्ये एडिंबरोच्या डेव्हिड ली यांनी हेच सूत्र ब्रेक दाबणाऱ्या चालकांना लावले आणि त्या राशीला टाऊ असे ग्रीक नाव दिले. समुद्रात सूर मारणारे गॅनेट पक्षी पंख केव्हा मिटतात, हेही त्यांनी १९८१ मध्ये याच सूत्राने समजावले. त्याआधी १९६२ मध्ये पडद्यावरची सावली फुगताना पाहून माकडे दचकून मागे सरतात, हे दिसले होते. तीच सावली आकसली तर ती शांत असत.

सूत्र इतके देखणे होते, की काही काळ ते सर्वच प्रश्नांचे उत्तर मानले गेले. ते तसे नाही. वाहन वेग बदलत असेल तर टाऊ चुकतो. शिवाय फुगणे जाणवायलाच हवे, आणि जाणवण्याला सीमा आहे: सेकंदाला साधारण ०.००३ रेडियन, असे चालकांवरच्या प्रयोगांतून आलेले मूल्य आहे. ते घेऊन साधा हिशेब करता येतो. अडीच मीटर रुंद ट्रक ताशी ६० किलोमीटरने येत असेल, तर त्याचे फुगणे सुमारे ११८ मीटरवरून जाणवू लागते; हाताशी सात सेकंद असतात. त्याच वेगाने येणारी, हँडलसकट ८० सेंटिमीटर रुंद मोटारसायकल ६७ मीटरवर येईपर्यंत नुसता ठिपका राहते; हाताशी उरतात चार सेकंद. तिचा वेग १०० असेल तर तीनच. सर्व्हिस रोडवरून महामार्गाच्या तोंडाशी आलेला चालक अपघातानंतर म्हणतो, ‘बाइक अचानक आली.’ त्याच्या डोळ्यांपुरते ते खरे असते.

पॅट्रिशिया डिलुशिया यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला यात आणखी भर घातली. जवळची लहान वस्तू आणि दूरची मोठी वस्तू एकत्र येत असतील, तर लहान वस्तू आधी पोचणार असूनही लोक मोठीच आधी पोचेल असे सांगतात. मार्क हॉर्सविल यांच्या २००५ च्या अभ्यासात मोटारसायकल मोटारीपेक्षा उशिरा येईल असे लोकांना वाटले. दोन्ही पोचायला वेळ सारखाच होता. रेल्वेचे मात्र उलटे. हर्शेल लाइबोविट्झ यांनी १९८५ मध्ये म्हटले, की प्रचंड वस्तू प्रत्यक्षापेक्षा हळू जाताना दिसते, आणि पुढच्या प्रयोगांनी त्याला दुजोरा दिला. मोठ्याला आधी पोचणारे समजायचे आणि हळूही समजायचे, हे दोन निष्कर्ष एकत्र कसे नांदतात याचे सर्वमान्य उत्तर अजून नाही. आकुर्डी ते देहूरोड पट्ट्यात रूळ ओलांडणाऱ्यांनी मात्र दुसरा निष्कर्ष ध्यानात ठेवावा.

या सगळ्यात सर्वांत अस्वस्थ करणारा निष्कर्ष मुलांचा. जॉन वॉन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांची फुगणे ओळखण्याची सीमा मोजली. ताशी २० मैलांहून, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरहून वेगाने येणारी गाडी आपल्याकडे येते आहे, हे त्यांना खात्रीने ओळखता येत नव्हते. वाहन जितके वेगात, तितके ते मुलाला जागीच उभे असल्यासारखे दिसते. ‘नीट बघून रस्ता ओलांड’ ही सूचना आठ वर्षांच्या मुलाला देणे म्हणजे न मिळालेल्या इंद्रियाचा वापर करायला सांगणे होय.

उपाय आहेत, आणि बरेचसे स्वस्त आहेत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जी. जी. डेंटन यांनी स्कॉटलंडमधल्या न्यूब्रिज चौकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आडवे पट्टे रंगवले, आणि चौक जवळ येईल तसे त्यांच्यातले अंतर कमी करत नेले. चालकाला वेग वाढल्यासारखा वाटला आणि त्याने आपणहून तो कमी केला. आपल्याकडे रम्बलर बसवतात, पण ते बहुधा सम अंतरावर. ते नुसते हादरवतात. किवळ्यापासून पुढे घटत्या अंतराचे पट्टे मारायला रंगापलीकडे फारसे काही लागणार नाही. यंत्रेही येत आहेत. चाकणला तयार केलेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० मध्ये २०२१ साली कॅमेरा आणि रडार आले. रडार समोरच्या वाहनाचा सापेक्ष वेग थेट मोजते, फुगण्याची वाट बघत नाही. पण ती महागडी मोटार झाली. पुनावळ्याच्या रस्त्यावर मरणाशी गाठ पडते ती बहुतेकदा दुचाकीस्वाराची आणि पादचाऱ्याची.

दुचाकीसाठीचा उपाय तर याच पट्ट्याच्या हातात आहे. एप्रिल २०१७ पासून देशातल्या नव्या दुचाक्यांचा पुढचा दिवा दिवसाही पेटता असतो. त्यामुळे गाडी दिसते, पण ती किती वेगात येते ते कळत नाही, कारण एकटा दिवा रात्री फुगत नाही. २०१२ मध्ये मार्क गूल्ड, वॉन आणि सहकाऱ्यांनी एका दिव्याऐवजी त्रिकोणात मांडलेले तीन दिवे दाखवले, आणि रात्री मोटारसायकलचा वेग ओळखण्यात स्पष्ट सुधारणा झाली. बजाज ऑटोचे मुख्यालय आकुर्डीत आहे, मोटारसायकलींचा कारखाना चाकणला आहे, वाहने तपासणारी एआरएआय पुण्यात आहे आणि केंद्रीय रस्ते वाहतूक संस्था भोसरीत. तीन दिव्यांच्या त्रिकोणाची चाचणी घेण्यासाठी याहून सोयीची जागा देशात सापडणार नाही. ती चाचणी इथेच व्हावी, आणि तोवर दहा वर्षांखालच्या मुलांना घरच्यांनी महामार्गाच्या किंवा सर्व्हिस रोडच्या पलीकडे एकटे पाठवू नये.